दाखल्यातला शेतकरी

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती आता राहिली नाही. देवाला सांगितलं म्हणावं — तर प्रार्थनेत इथवर आलो की मी विषय बदलतो. थकलोय आता. गारखेड्यात लेकाच्या घरी खिडकीशी बसून असतो. तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

जन्मभर मी ख्रिस्ती मंडळीचा पाळक, म्हणजे पाद्री होतो. येशूनं सांगितलेली गोष्ट, चांगल्या शोमरोन्याचा दाखला, सांगावा तर मीच, असं लोक म्हणायचे. वाटेवर लुटून अर्धमेला करून टाकलेला माणूस, न बघितल्यासारखं करून निघून गेलेले देवाचे सेवक, याजक नि लेवी, आणि शेवटी त्याला उचलणारा शोमरोनी. मी म्हणायचो — बाबांनो, आपल्याला शोमरोनी म्हणजे नुसता भला माणूस वाटतो. पण येशूपुढं बसलेल्यांना ती वैरी जमात, त्या नावाचीसुद्धा शिसारी होती. त्यांच्या कानांनी ऐका, तरच दाखला कळंल. आणि मग? मग आपल्या इथला शोमरोनी कोण, हे सांगायची वेळ आली की मी खोटं बोलायचो.

पोलीस ॲक्शननंतर दोनेक वर्षांनी वैजापूरहून सायकलवर येताना मला लॉरीनं उडवलं. मांडी मोडली. कितीतरी बैलगाड्या बाजूनं गेल्या — पोलिसांचं लचांड कोण गळ्यात घेणार? उचललं ते शहागंजातल्या महबूबभाई टांगेवाल्यानं. त्याचा सख्खा भाऊ रझाकारांत होता, म्हणून आपली माणसं त्याच्या टांग्यात बसत नसत. मीही बसलो नव्हतो. त्यानं आपल्या साफ्यानं माझी मांडी बांधली, दवाखान्यात नेलं, आणि दोन दिवस माझ्या पायथ्याशी बसून राहिला.

पुढं मी पाळक झालो. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पहिल्या बाकावर सगुणाबाई बसायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा रझाकारांनी मारला होता. त्यांच्यासमोर महबूबभाईचं नाव कसं घ्यावं? उपदेशात मी अपघात माझाच सांगितला, उचलणारा तेवढा बदलला. म्हटलं, एका शेतकऱ्यानं मला बैलगाडीत घातलं. सगुणाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "लई देवमाणूस बगा तो, पाळकसाहेब." म्हातारीचं मन जपलं, असं मी स्वतःला समजावलं. कसलं मन नि कसलं काय! मंडळी मला काढून टाकील, ही भीती होती. आणि येशूपुढं बसलेल्यांना जखमा नव्हत्या का? त्यानं सांगितलंच ना त्यांच्या तोंडावर?

एका रविवारी महबूबभाई कुणा सवारीला सोडायला देवळाशी आला आणि उपदेश ऐकत दारातच उभा राहिला. मी त्याला बघितलं. गोष्टीत मी अजून रस्त्यावरच पडलेला होतो, शेतकरी यायचा होता. एक नाव घ्यायचं होतं — एवढंच ना?

मी शेतकरी म्हणालो.

उपासना सुटल्यावर तो दारात थांबला होता. हसून म्हणाला, "अच्छा बोले, पादरी साब. वो किसान मिला तो मेरा सलाम बोलना." रागावला असता तर बरं झालं असतं. मी मान हलवली — हो, सांगतो, म्हणून. तो टांग्यात बसून निघून गेला. पुन्हा कधी देवळाकडं फिरकला नाही, आणि मीही शहागंजात त्याला शोधायला गेलो नाही.

पुढच्या वर्षी उपदेशाला तोच दाखला आला. सगुणाबाई तोवर वारल्या होत्या, पहिला बाक रिकामा होता. मी शेतकरीच सांगितला.