भाताच्या जातींची फाइल

आमच्या वडिलांनी चंदगड तालुक्यातल्या शाळांत मास्तरकी करता करता भाताच्या जुन्या जाती लिहून ठेवल्या होत्या. कुठल्या वाडीत कोण कुठलं भात लावायचं, त्याचा वास कसा, पेजेला बरं की भाकरीला. अकरा वह्या भरल्या. मी कोल्हापुरात सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यासाठी एक छोटा प्रोग्राम मीच करून दिला. एका रविवारी, जेवणाची पानं वाढेपर्यंत.

दोन वर्षं ते एका बोटाने टाइप करत होते. सगळं उतरवून झाल्यावर ओल धरलेल्या वह्या मी रद्दीत घालायला काढल्या.

"राहू देत की," ते म्हणाले. "त्या काय खायला मागत्यात व्हय?"

मी हसलो आणि वह्या पोत्यात भरून रद्दीवाल्याला देऊन टाकल्या. ते हसू आठवलं की आजही स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

माझा प्रोग्राम सेव्ह करताना आधी जुनी फाइल रिकामी करायचा आणि मग सगळं नव्याने लिहायचा. मधेच वीज गेली तर जुनंही नाही नि नवंही नाही. खरी रीत साधी आहे: नवा मजकूर वेगळ्या फाइलीत लिहायचा, तो डिस्कवर पोचल्याची खात्री करायची, मगच तिला जुन्या फाइलीचं नाव द्यायचं. चार ओळींचं काम. त्यात आमच्या घरी ढग गडगडला की आई धावत जाऊन मेन स्विच खाली ओढते, हे मी लहानपणापासून बघत आलोय. पण प्रोग्राम तपासला तो माझ्या बॅटरीवरच्या लॅपटॉपवर.

सुगीच्या तोंडावर एका दुपारी गडगडलं. एक जुनी नोंद दुरुस्त करत बसलेल्या वडिलांनी घाईने सेव्ह दाबलं आणि त्याच वेळी आईने स्विच ओढला. फाइल उरली, आत एक अक्षर नाही. दुसरी प्रत मी ठेवली नव्हती.

मी गावी गेलो, दिवसभर खटपट केली, काही निघालं नाही. आई सारखी म्हणत होती, "माझ्यामुळंच झालं." मी तिला तसं म्हणू दिलं, याची जास्त लाज वाटते. वडील नव्या वहीत आठवेल ते लिहीत बसले होते. सांगणारी निम्मी माणसं आता हयात नव्हती. शेवटी मी त्यांच्याजवळ बसून माझी चूक समजावून सांगितली. मास्तरच ते, त्यांना लगेच कळलं.

"कंपनीत बी असंच करतोस व्हय?" त्यांनी विचारलं.

"न्हाय," मी म्हणालो. "तितं नीट करतो."