मिस आयव्हीचे खुळखुळणारे दाणे

बोस्टन बेच्या रस्त्यावर मांस भाजणाऱ्या तीन टपऱ्या मिस आयव्होलिनच्या, म्हणजे सगळ्यांच्या मिस आयव्हीच्या, मांसाला चोळायच्या झणझणीत जर्क मसाल्यावर चालत. पिमेंटोचे मिरीएवढे हिरवे दाणे खळ्यावर वाळवायचे आणि सुकी बॉनेट मिरची, थाइम, जायफळ घालून उखळात कुटायचे. दाणे वाळले का, हे ओळखायची रीत सगळ्या मुलखात एकच. मूठभर दाणे कानाशी धरून हलवायचे, आतलं बी खुळखुळलं की वाळले.

गोची अशी, की मिस आयव्हीला ती खुळखुळ आताशा ऐकूच येत नव्हती. ती मूठ हलवायची, मान डोलवायची आणि अंदाजाने दाणे गोळा करायची. नवरा गेल्यावर याच उखळावर तिने मुलीला, मार्वाला, शिकवून नर्स केलं होतं. आता मार्वाला कानाचं कळलं तर ती घराला कुलूप लावून आपल्याला किंग्स्टन शहरात तिच्याकडे नेणार, या धास्तीने तिला घास गोड लागेना.

एके दिवशी टपरीवाला लॅसेल्स बरणी घेऊन दारात उभा राहिला.

"मिस आयव्ही, हा मसाला आहे की माझ्या आजोबांची दाढी?" बरणीत पांढरी बुरशी धरली होती.

"हवाच दमट आहे रे!"

"हवा? परवा मी कोळसा संपला म्हणालो, तर तू कुणीतरी गेलं असं समजून माझ्या घरच्यांचं सांत्वन केलंस!"

घरी जाऊन त्याने मार्वाला फोन लावला. तोंडाचा फटकळ, पण माया करणारा माणूस.

शनिवारी मार्वा आली आणि चहाही न घेता खळ्यावर गेली. मिस आयव्हीने मूठ कानाशी नेली, "वाळले!" म्हणाली. मार्वाने तीच मूठ स्वतःच्या कानाशी हलवली.

"आई, हे मुके आहेत."

मिस आयव्ही खळ्याच्या कडेला बसली. "नेतेस तर ने. पण तिथे दिवसभर करू काय? गाड्यांचे भोंगे ऐकू?"

"तेही तुला ऐकू येणार नाहीत," मार्वा म्हणाली, आणि दोघींना हसू फुटलं.

हसता हसताच मिस आयव्हीने एक दाणा दाढेखाली धरला. तो नुसता चेपला. खळ्याच्या उन्हाकडच्या टोकाचा दुसरा घेतला. कट्! थेट कवटीत वाजला.

"मार्वा, दे गं एकेक, मी डोळे मिटते."

मार्वा आधी दाणा कानाशी हलवून पाही, मग आईच्या तोंडात टाकी. ओला, वाळका, वाळका, ओला. आई एकदाही चुकली नाही. मार्वा चिवटपणे देत राहिली, आई फोडून थुंकत राहिली.

शेवटी मार्वाने हात झटकले. "ठीक आहे. घर राहील, उखळ राहील. पण बुधवारी कानाच्या डॉक्टरकडे यायचं, आणि रोज संध्याकाळी मला फोन."

मिस आयव्हीने विरोध करायला तोंड उघडलं. पण लवंगेसारखे झोंबणारे इतके दाणे चावल्यावर जीभ लाकडासारखी बधिर झाली होती. "अं... बु... ल्ल..." एवढंच निघालं.

"म्हणजे कबूल," मार्वा म्हणाली, आणि आईची जीभ ताळ्यावर यायच्या आत चहा ठेवायला आत पळाली.