भुलाबाईच्या गाण्यातलं नाव

सिहोऱ्यात गोदावरीबाईंची बोलणी खाल्ली नाहीत असं घर नाही. चहात आलं कमी पडलं तरी बोलणार, सुनेनं सडा नीट टाकला नाही तरी बोलणार, आणि ती सून स्वतःची असायलाच हवी असंही काही नाही. पण भादव्याची पौर्णिमा आली की सगळं गाव त्यांना माफ करायचं. पाटावर मातीचे भुलोजी-भुलाबाई, म्हणजे आपले शंकर-पार्वती, मांडायचे आणि कोजागिरीपर्यंत रोज सांजच्याला पोरींनी भोवती बसून गायचं. ती गाणी म्हणावीत तर गोदावरीबाईंनीच. नंतर खिरापतीचा झाकलेला डबा कानाशी हलवून त्या मुद्दाम काहीतरी भलतंच ओळखायच्या, आणि पोरी हसून लोळायच्या.

त्यातलं एक गाणं त्यांचं स्वतःचं होतं. तलावाच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, भुलाबाईच्या सख्या एकेक करून येतात, आणि प्रत्येक सखीला समोर बसलेल्या पोरीचं नाव. 'पारीवरून येते कोण? भुलाबाईची सखी, तेजस्विनी येते.' नियमही त्यांचेच. पाच वर्षं पुरी झाल्याशिवाय नाव नाही, आणि सुनांचं तर मुळीच नाही.

हा नियम त्यांनी एकदाच मोडला, तो कामिनीसाठी. कामिनी चिखल्याची, खाणीच्या कॉलनीत वाढलेली. भुलाबाईचा पाट तिच्या सासरच्याच ओसरीवर मांडला जायचा. लग्न होऊन आली त्या वर्षी ती दाराआड उभी राहून ऐकायची. गाव नवं, मनातलं बोलावं असं कोणी नाही. एके दिवशी गोदावरीबाईंनी मानही न वळवता सूर लावला, 'पारीवरून येते कोण? चिखल्याची कामिनी येते.' पोरींनी माना वळवल्या, सासूही हसली. त्या सांजेला कामिनीला सासरचं जेवण पहिल्यांदा गोड लागलं.

आणि याच कामिनीनं त्यांना घरी बसवलं.

गेल्या वर्षी गोदावरीबाईंना खोकला होता. कामिनीनं फोन पुढे धरून सगळी गाणी भरून घेतली. "तुमचा आवाज जपून ठेवतो, आजी," असं म्हणाली, आणि तेव्हा ते खरंच होतं. म्हातारी खुश झाली. उठताना तिनं कामिनीच्या लेकीचा, उर्वशीचा, गाल धरला. "पुढच्या साली तुले पाच होतात. मंग तुहं नाव घेतो, बरं."

यंदा गणपतीला कामिनीच्या नवऱ्यानं, मंगेशनं, मोठा स्पीकर आणला. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "गाणे आहेत ना फोनमंदी. बुढीले कायले तरास द्याचा?" कामिनीनं लगेच मान डोलावली. दरवर्षी गाणारणीला कुंकू लावून बोलावून आणायचं, हाताला धरून आणायचं आणि पोचवायचं, आल्याचा चहा, मध्ये खोकल्याची उबळ, मध्ये टोमणे. फोनवर वीस मिनिटांत आटपलं असतं. त्रास आजींचा नव्हता, आपला होता, हे तिला तेव्हाही ठाऊक होतं. तिनं ते मनातल्या मनात गुंडाळून ठेवलं आणि कुंकू लावायला गेलीच नाही.

पहिल्या दिवशी सगळ्या खुश. आवाज काय खणखणीत! मग नावांचं गाणं आलं. तेजस्विनीचं वैशाखात लग्न होऊन ती तिरोड्याला गेली होती, तरी स्पीकरमधून ती ऐटीत पारीवरून आली. एकेक करून गेल्या वर्षीच्या साऱ्या आल्या. नवा परकर नेसलेली उर्वशी गुडघ्यांवर उठून बसली होती. नावं संपली. पुढचं गाणं सुरू झालं.

"आई, माहं नाव काहून नाही आलं?"

वर्षभर पोरगी त्या एका नावासाठी दिवस मोजत होती आणि आईच्या ते ध्यानातही राहिलं नव्हतं. "उद्या येते, बरं," कामिनी म्हणाली. खोटंच. दुसऱ्या दिवशी उर्वशी सगळ्यांच्या आधी पाटापुढे जाऊन बसली. तिसऱ्या दिवशीही. पाचव्या दिवशी ती आली नाही. चुलीपाशी बसून राहिली. "ह्या आजीले मी माहीतच नाही," म्हणाली.

कामिनीनं तेव्हाच जायला हवं होतं. पण कोणत्या तोंडानं जायचं, यात आणखी तीन आठवडे गेले. शेवटी कोजागिरीला चार दिवस उरले तेव्हा ती कुंकवाचा करंडा घेऊन गेली.

गोदावरीबाई तांदूळ निवडत होत्या. खुंटीवर हिरवं लुगडं घडी करून टांगलेलं होतं, भुलाबाईच्या महिन्यात नेसायचं. कामिनीनं ते पाहिलं आणि मान खाली घातली.

"आजी, चला ना. मी न्यायले आलो."

"आलो होतो मी," गोदावरीबाई सुपातून वर न बघता म्हणाल्या. "पुनवेच्या दिशी. म्या म्हटलं, बोलावणं राहून गेलं असन, आपणच जाऊ. तुह्या फाटकापाशी आलो तं आतमंदी गाणं सुरू. मले वाटलं, ही कोण व दुसरी? बरी गाते. मंग ते खोकलली, तवा समजलं."

कामिनीनं त्यांचे पाय धरले. "चुकलं माहं, आजी. या ना, मी हात धरून नेतो. पोरगी रोज वाट पाहून राहिली."

"एक डाव फाटकातून परतलो. आता नाही येत." आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्यांनी टोमणा मारला असता तर कामिनीला किती बरं वाटलं असतं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "फोन आणला काय? लाव. पोरीले शब्द देला होता म्या."

कामिनीनं फोन सुरू केला. म्हातारीनं श्वास सावरला, टाळी धरली आणि गायलं. 'पारीवरून येते कोण? भुलाबाईची सखी, उर्वशी येते.' कामिनी बंद करणार तोच, कोणी न सांगता, पुढची ओळ आली. 'पारीवरून येते कोण? चिखल्याची कामिनी येते.'

कोजागिरीच्या सांजेला स्पीकर लागला. आपलं नाव आलं तशी उर्वशी टुणकन उडाली, टाळ्या पिटत गोल फिरली. मग पुढची, आईच्या नावाची ओळ आली तशी एकदम थांबून तिनं कान दिला.

"आई, आजीच्या मागं कोण रडून राहिलं?"

सगळ्या पोरी ऐकू लागल्या. कामिनीनं खिरापतीचा डबा उचलला आणि कानाशी धरून हलवत राहिली.