मामांची मोटार आणि अडून बसलेला कावळा

माझ्याकडे पहिल्यांदा येणारा माणूस चपला काढायच्या आधी एकच विचारतो, "ही मोटार कुणाची?" माझी म्हटलं की तो मोटारीकडे बघतो, मग माझ्याकडे, मग भिंतीला टेकवलेल्या सायकलकडे, आणि विषय बदलतो. तुम्ही बदलू नका. चहा उकळेपर्यंत सांगूनच टाकतो. माणूस दोन वाक्यांत स्वतःचं केवढं वाटोळं करून घेतो, एवढं तरी कळेल.

मोटार मूळची माझ्या मामांची. मामा उंब्रजचे. लष्करात साहेबलोकांच्या मोटारी चालवत चालवत सुभेदार झाले, पेन्शनीत निघाले आणि उसाला लागले. ऊस बरा पिकला त्या साली एका संस्थानिकाच्या मोडीत निघालेल्या थाटातून त्यांनी ही परदेशी मोटार उचलून आणली. लांबी अशी, की तोंड गल्लीत शिरलं तरी शेपूट हमरस्त्यावरच. इंजिन सुरू झालं की शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहायच्या. स्टिअरिंग डावीकडे. आत रेडिओ. आणि खिडकीच्या काचा बटणावर. बटण दाबलं की काच आपोआप खाली, पुन्हा दाबलं की वर. अख्खं उंब्रज ती काच बघून गेलं.

आता एवढी ताकदवान मोटार जायची कुठं? कुठंच नाही. मामा रोज सकाळी तिच्यात बसायचे, रेडिओ लावायचे आणि बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रानं दाढी करायचे. दाढी झाली की उतरून फडक्यानं तिला पुसायचे. पावसाळ्यात चिखल म्हणून बाहेर काढायची नाही, उन्हाळ्यात धूळ म्हणून नाही.

मामी त्या मोटारीला सवत म्हणायची. आणि थट्टेनं म्हणायची नाही. मूलबाळ नव्हतं त्यांना. घरात माणसं दोन, त्यातलं एक सकाळपासून मोटारीत.

मला मात्र मामांनी पोटच्या पोरासारखं वागवलं. साताऱ्याच्या कारखान्यात मला टाइमकीपरची नोकरी लागली, तेव्हा स्वतःच्या हातातलं परदेशी घड्याळ काढून माझ्या मनगटावर बांधलं. पोलादी, चकचकीत, बशीएवढं. "वाटरप्रूफ हाय, बापू. घालून नदीत पव," म्हणाले. माझा काही विश्वास बसला नाही. साधे हात धुवायचे असले तरी मी घड्याळ काढून खिशात ठेवायचो.

त्या वर्षी नागपंचमीला मामी हट्टाला पेटली. तिचं माहेर शिराळ्याचं. नागपंचमीला शिराळ्याची लेक माहेरी गेली नाही असं होत नाही, आणि मामी आयुष्यभर गेली ती एस.टी.नं, मांडीवर पिशवी घेऊन. ती म्हणाली, "एकदा तरी गाडीतनं सोडा मला. भावजया बघत्याल."

मामा म्हणाले, "चिकूल किती हाय बाहेर. यष्टी हाय की."

मामी भडकली. "ऱ्हावा मग त्या गाडीतच बसून. शेवटचं पाणी बी तिच्याच हातनं प्या." एवढं बोलून ती पिशवी घेऊन निघून गेली.

मामा मोटारीत जाऊन बसले. रेडिओ लावला. दाढीचं यंत्र हातात घेतलं. दुपारी कुणीतरी हाक मारायला गेलं तर रेडिओ चालू होता आणि मामा गेलेले होते. अर्धी दाढी व्हायची राहिली होती.

मामी परत आली ती मुकी होऊनच. रडली नाही, बोलली नाही, ताट पुढे ठेवलं तर नुसती त्याच्याकडे बघत बसायची. मला एकदाच म्हणाली, "बापू, ते माझ्यावर रागावूनच गेलं रं." मी तिच्या शेजारी बसून राहिलो.

आणि मग आला दहावा. कृष्णेच्या काठी सगळं गाव जमलेलं. श्रावणातलं ऊन, सर येऊन गेली की असं लख्ख पडतं की डोळे दिपतात. बायका लिंबाखाली, पुरुष घाटावर. मामांचे थोरले भाऊ तात्या विधीला बसले होते. पिंड मांडला, सगळे मागे सरले, आणि कावळ्याची वाट बघू लागले.

कावळे होते की. झाडावर रांगच लागली होती. एक खाली उतरला, टुणटुणत पिंडापाशी आला, मान वाकडी केली आणि दचकून उडाला. दुसरा आला, तोही उडाला. मी सगळ्यात पुढे, ओल्या डोळ्यांनी उभा. आणि टाइमकीपरची खोड बघा, कावळा उतरला रे उतरला की माझं मनगट आपोआप वर जायचं. कोण किती वाजता आला, हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

"मन कशात तरी अडाकलंय," कुणीतरी म्हणालं.

झालं, कबूल करायला सुरुवात झाली. तात्या पुढे होऊन मामांना उद्देशून म्हणाले, "आबा, बांध मीच कोरला हुता. सरळ करून देतो." कावळा आला, मी घड्याळ बघितलं, कावळा गेला. शेजारचे नाना म्हणाले, "सुभेदार, इहिरीच्या पाण्याची पाळी तुमची तुमास्नी." कावळा आला आणि गेला. कुणी म्हणालं देवळाला कळस चढवू, कुणी म्हणालं चौकाला नाव देऊ. कावळा काही ऐकेना.

भटजी कंटाळले. "दर्भाचा कावळा करू आणि उरकू," म्हणाले.

मी लिंबाखाली बघितलं. मामीनं पदर तोंडात धरला होता. दर्भाचा कावळा म्हणजे मामा रागावूनच गेले हे गावासमोर ठरलं. ही बाई ते घेऊन उरलेला जन्म कसा काढणार? तुम्ही असता तर गप्प राहिला असता. मी राहिलो नाही.

मी पुढे गेलो. नदीत उतरायचं म्हणून घड्याळ काढून खिशात ठेवलं, ओंजळीत कृष्णामाईचं पाणी घेतलं आणि मोठ्यानं म्हणालो, "मामा, तुमची मोटार मी सांभाळीन. आणि दर नागपंचमीला मामीला तिच्यातनं शिराळ्याला नेईन."

पाणी सोडलं आणि मागे सरलो. एक कावळा उतरला, सरळ पिंडाशी गेला आणि चोच मारली.

बायका रडायला लागल्या. तात्यांनी मला मिठी मारली. सगळं गाव माझ्याकडे असं बघायला लागलं, की जणू मी मामांशी ट्रंक कॉलवर बोललो होतो. मलाही क्षणभर धन्य वाटलं. मग हळूहळू ध्यानात आलं की मला मोटार चालवता येत नाही. मला सायकल येते.

पुढच्या वर्षाचं काय सांगू? एका पेन्शनर लष्करी ड्रायव्हरनं मला कारखान्यामागच्या माळावर शिकवलं. पहिल्याच दिवशी म्हणाले, "भ्या नगा. ही वाटंल तिकडं जाती, आपुन फकस्त बसायचं." तसंच झालं. स्टिअरिंग डावीकडे असल्यामुळे उजव्या सीटकडे बघणाऱ्याला तिथं ड्रायव्हरच दिसायचा नाही. साताऱ्यात एका म्हाताऱ्यानं रस्त्यावरच हात जोडले. सुभेदारच चालवतायत, अशी बातमी उंब्रजला माझ्या आधी पोचली.

पेट्रोल तर त्या सालात असं भडकलं होतं, की भलेभले स्कूटर पुसून ठेवत होते. आमची बाई उंब्रजहून निघाली की कराड यायच्या आत तिला तहान लागायची. बटणावरची एक काच खाली गेली ती वर यायलाच तयार नाही, पावसाळाभर त्या सीटवर पोतं. रेडिओ मनाला येईल तेव्हा आपोआप लागायचा. दारात उभी केली की घरात उजेड यायचा नाही. बायको माझ्याशी बोलायची बंद झाली, आणि जेव्हा बोलली तेव्हा म्हणाली, "आता मलाबी कळलं मामी सवत का म्हणायच्या."

शेवटी मी गुपचूप सांगलीचं एक गिऱ्हाईक गाठलं. थिएटरवाला होता, वरातीला भाड्यानं द्यायला त्याला अशीच मोटार पाहिजे होती. म्हटलं, वर्षश्राद्ध होऊ दे, यंदाची शिराळ्याची फेरी होऊ दे, मग घेऊन जा. वर्षभर सांभाळली हे काय कमी झालं? मामासुद्धा समजून घेतील.

वर्षश्राद्धाला पुन्हा तोच घाट, तेच ऊन. मोटार वर रस्त्यावर उभी. पिंड मांडला, मागे सरलो. कावळा उतरला, मी घड्याळ बघितलं, कावळा दचकून उडाला. दुसरा आला, उडाला. सगळं गाव माझ्याकडे वळलं.

तात्या म्हणाले, "बापू, गाडीची काय हयगय झाली काय रं?"

मला घाम फुटला. मामांना कळलं होतं. सांगलीचा थिएटरवाला मामांना वरती कळला होता, दुसरं काय? मी कपाळाला हात लावला, घड्याळ काढून खिशात कोंबलं, नदीत उतरलो आणि ओंजळ भरून रडतच म्हणालो, "मामा, चुकलो. मोटार विकत नाही. जन्मात विकणार नाही."

"इकणार हुतास?" तात्या ओरडले.

तेवढ्यात कावळा शिवला.

माणसं पांगली. मी एकटाच काठावर बसलो आणि खिशातून घड्याळ काढून मनगटावर बांधायला लागलो. तेव्हा दिसलं. घड्याळावर ऊन पडलं होतं आणि पिंडापाशी एक उजेडाचा गोळा नाचत होता. मी मनगट हलवलं, गोळा हलला. दोन कावळे पिंडावर बसून खात होते, त्यांच्या अंगावर गोळा गेला मात्र, दोघेही ओरडत उडाले.

म्हणजे मामांचं मन कशातच अडकलं नव्हतं. टाइमकीपर अडला होता. आणि मी दोनदा, सगळ्या गावादेखत, नदीच्या साक्षीनं ती मोटार स्वतःच्या गळ्यात बांधून घेतली होती.

कुणाला सांगणार? मामीला तर शक्यच नव्हतं. तो कावळा म्हणजे मामांनी तिला दिलेली माफी, तिच्यावर तर ती वर्षभर जगली होती. मी ठरवलं, मरेपर्यंत तोंड उघडायचं नाही. तेवढं एक चांगलं काम तरी माझ्या हातून होऊ दे.

त्याच दुपारी मामीला घेऊन शिराळ्याला निघालो. ती मागच्या सीटवर मधोमध बसली होती, नवं लुगडं नेसून, पोतं बाजूला सारून. रेडिओ आपला आपण लागला आणि आपला आपण बंद पडला.

मग ती म्हणाली, "बापू, फुडल्या साली घाटावर येताना ते घड्याळ घरला ठिवून ये."

माझा पाय ब्रेकवर गेला. "मामी, तुमाला ठावं हाय?"

"धाव्यालाच दिसलं की. तू हात वर केलास की पिंडावर चांदणं पडायचं. लिंबाखालनं चांगलं दिसत हुतं."

"मग बोलला का न्हाई?"

"बोलणारच हुते. तवर तू पाण्यात उतरलास." ती बाहेर बघत होती. "ते चांदणं दिसलं आन् माझा जीव भांड्यात पडला, बापू. म्हटलं, ह्यो राग न्हवं, ह्यो आपला बापू हाय. त्या राती पोटभर जेवले मी."

"मग मला नंतर तरी सांगायचं. वरीसभर मी हिला..."

"सांगितलं असतं तर तू हिला हात लावला असतास व्हय?" मामीनं सीटवरून हात फिरवला. मामा फडक्यानं पुसायचे तसाच, हळू. "त्यांनी न्हाई नेलं. मला एकदा हिच्यात बसून म्हायेरला जायाचं हुतं."

मी ब्रेकवरचा पाय काढला. त्या बाईची माफी सांभाळायला म्हणून मी तोंड शिवून घेतलं होतं, आणि तिनं ती पहिल्याच दिवशी माझ्या मनगटावरून उचलून नेली होती. सगळ्या घाटावर कावळ्याचं खरं मानणारा मी एकटाच.

शिराळ्याची घरं दिसायला लागली आणि इंजिन खोकून बंद पडलं. वरून पावसाची सर आली. मामीनं बटण दाबलं. बिघडलेली काच वर येईना, तशी डोक्यावर पदर घेऊन ती ऐटीत टेकून बसली.

"ढकल आता," ती म्हणाली. "पर जरा जोरानं ढकल. भावजया दारात उभ्या असत्याल."

मी खाली उतरलो, घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि मागून मोटार ढकलायला लागलो.