चालू कंप्युटरवरचं पांघरूण

हे मी कुणापाशी बोललो न्हाई. भावापाशी न्हाई, देवापाशी न्हाई — देवाला ठाऊक असंल तर असो, मी तोंडानं सांगितलेलं न्हाई. माझी बायको कौसा मागच्या पावसाळ्यात गेली. ती होती तवाच हे सांगायला पाहिजे होतं. आता सांगून त्याला काय किंमत? तरी सांगतो. तुमी ऐका.

मी चौथी शिकलेला माणूस. डोंगरकड्याच्या अलीकडं आमचं गाव, थोडी शेती. पोरगा दिगंबर मात्र हिंगोलीला कंप्युटर शिकला आणि घरातल्याच समोरच्या खोलीत लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करायला बसला. दोन हजार सालाच्या पुढची गोष्ट. तवा लग्नाची सीडी निघाली न्हाई तर लग्नच लागलं न्हाई असं लोकांना वाटायचं. पण कंप्युटर जुना, काम हळू. मग दिगूनं त्या जुन्यालाच पळवायचं ठरवलं.

आत प्रोसेसर असतो, सगळं काम तोच करतो. त्याला कंपनीनं जेवढा वेग ठरवून दिला त्याच्यापेक्षा जास्त पळवायचं, ह्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात — हे मला दिगूनंच सांगितलं. पोरगं सावध. एकदम वाढवलं न्हाई. थोडा वेग वाढवायचा, दिवसभर चालवून बघायचं, पडद्यावर गरमीचा आकडा बघायचा, आकडा चढला की मागं यायचं. प्रोसेसरवर मोठा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा बसवला, मधी करडं मलम लावलं, वरून छोटा पंखा. डब्याचा एका अंगाचा पत्रा काढून ठेवला. पण आपल्याकडचा उन्हाळा तेवढ्यानं भागतो का? म्हणून घरातला एकुलता एक टेबलपंखा त्या उघड्या अंगाला लावून ठेवला. म्हणायचा, "बाबा, हा पंखा हाय म्हणून हा पळून राहिला. पंखा हलला की संपलं."

मला ते बराबर समजलं होतं. विहिरीवरचं ऑइल इंजिन मी उभा जन्म चालवलं. स्क्रू आवळून इंजिन जास्त पळवलं तर त्याला थंड पाणीही जास्त द्यावं लागतं. पाण्याची नळी निसटली की इंजिन जाम. तवा, अडाणी म्हातारा, त्याला काय कळतंय — असं म्हणायची सोय मला न्हाई.

आता कौसाचं सांगतो. तिला घरातल्या हर वस्तूवर कायतरी झाकायची सवय. टीव्हीवर विणलेला रुमाल, मिक्सरला टोपडं. कंप्युटर आला तर त्यालाही तिनं लोकरीचं पांघरूण विणलं. दिगूनं तिला एकदाच सांगितलं, बंद असला की घाल, चालू असला की न्हाई, त्याचा जीव घुसमटतो. तिनं ते असं धरलं म्हणता — बारका दिवा विझलेला दिसल्याबिगर पांघरुणाला हात लावायची न्हाई. दुपारी त्या खोलीच्या चौकटीला टेकून बसायची आणि परक्यांची लग्नं बघत बोलायची. नवरदेवाला कुणी जेवू घातलं न्हाई वाटतं. नवरीची आत्या रुसली बघ. ह्या जाड बाईला सारखं सारखं काहून दाखवून राहिला, तिनं जास्त आहेर केला का? दिगू हसायचा, आईनं पास केलं तरच ठेवतो म्हणायचा. साऱ्या दिवसाच्या कामात तिचं सुख तेवढंच होतं. मला ते दिसत होतं. हेही सांगून ठेवतो — दिसत होतं.

चैत्रातली दुपार. दिगूनं एक लग्न कंप्युटरला लावलं, ते काम तासन् तास आपसूक चालतं, आणि तो कोऱ्या सीड्या आणायला हिंगोलीला गेला. जाताना मला म्हणाला, पंख्याकडं ध्यान ठेवा. त्याच्या मागनं कौसा शेजारी पापड लाटायला गेली. मागच्या अंगणात हरभरा बडवून पडला होता, उफणायचा होता. आणि वारा पडलेला. आमच्याकडं वारा पडला की पंखा लावून उफणतात, त्यात नवल न्हाई. संध्याकाळी वारा आलाच असता. पण काम पडून राहिलं की माझं डोकं फिरतं. मी खोलीत गेलो आणि टेबलपंखा उचलला.

मनात आलं न्हाई का? आलं. अर्धा ढीग होईस्तोवर काय होतंय, असं म्हणलं. अर्धा ढीग झाला — मग म्हणलं, उरलेलाही होऊ दे.

परत आलो तर पडदा काळा. कपड्यावर इस्तरी ठेवून इसरावी तसा वास. पत्र्याला हात लावला आणि मागं घेतला. पंखा मुकाट्यानं जागेवर ठेवला, चालू केला.

इथवर असतं तर — माणूस चुकतो, घाबरतो. पण पुढचं मी घाबरून केलं न्हाई. इचार करून केलं. खुर्चीवर कौसाचं पांघरूण घडी करून ठेवलेलं होतं. ते उलगडलं. कंप्युटरवर घातलं. उघडं अंग झाकलं जाईल असं घातलं. चारी कोपरे सारखे केले. कोपरे काहून सारखे केले? ती तसंच घालायची म्हणून.

दोघं मागंपुढं घरी आले. दिगू खोलीत गेला आणि तिथंच थांबला. ओरडला न्हाई. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आई, चालू असताना न्हाई म्हणलं होतं ना तुला?"

कौसानं पांघरूण बघितलं. मग पंखा बघितला — त्याच्या जाळीत हरभऱ्याचं भुसकट अडकलेलं होतं, ते मला तवा दिसलं. मग माझ्याकडं बघितलं. मी दारात उभा. अंगभर भूस.

"इसरले रे लेकरा," ती म्हणाली.

थोड्या वेळानं मागच्या पडवीत ती ओल्या फडक्यानं पंख्याची जाळी पुसून राहिली होती. काडी न् काडी काढून. मी जवळून गेलो. तिनं मान वर केली न्हाई.

प्रोसेसर गेला होता. हिंगोलीच्या दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, गरमीनं गेला. त्या लगीनसराईची सगळी गिऱ्हाइकं कळमनुरीच्या मिक्सिंगवाल्याकडं गेली. पुढं दिगूनं सावरलं, दुसरा कंप्युटर घेतला. पण आईला म्हणाला, तू आत येत जाऊ नको, तिकडूनच बघ. गोडीनंच म्हणाला. ती तिकडूनही बघायची बंद झाली. दुपारी मागच्या पडवीत जाऊन बसायची, डाळ निवडायची. पुढं गावातल्याच एका लग्नाची सीडी लावली, तिला बोलावलं — हात ओले हायेत म्हणाली.

आमची भांडणं काय कमी झाली? भांडणात ती माझ्या बापापर्यंत जायची, माझ्या तंबाखूपर्यंत जायची. त्या दुपारपर्यंत कधी गेली न्हाई. मी वाट बघायचो, आज काढंल, आता काढंल. एकदा काढलं असतं तर मी मोकळा झालो असतो. तिनं मला तेवढंही दिलं न्हाई, का मला झाकलं — हे मला आजवर कळलं न्हाई.

आणि घरात त्याची मस्करी झाली. आमच्या आईनं कंप्युटरला पांघरूण घालून निजवलं. पाहुणे आले की दिगू सांगायचा, सगळे हसायचे, तीही पदर तोंडाला लावून हसायची. मी हसायचो. एकदा तर व्याह्यांपुढं दिगू गप्प होता आणि ती मस्करी मी सांगितली. ती चहा देत होती. माझा कप तिनं सांडू दिला न्हाई.

तिच्या तेराव्याला, जेवणं झाल्यावर, दिगूनं तीच गोष्ट काढली. सांगता सांगता रडला. त्याची पोरगी नांदेडला कॉलेजात कंप्युटरच शिकते. ती माझ्याजवळ येऊन बसली.

"आबा, नुसत्या लोकरीनं कसा जळंल? समोर पंखा चालू होता ना?"

दिगूनं डोळे पुसले आणि माझ्याकडं बघितलं. सगळेच बघून राहिले होते.

"चालू होता," मी म्हणालो. "पांघरूण तुझ्या आजीनंच घातलं होतं."