कारण : उपवास

घरातले म्हणतात, ही स्वतः बसत नाही आणि दुसऱ्याला बसू देत नाही. खरंच आहे ते. पंचवटीतल्या आमच्या घरात पूजा मांडली की मी समई पडद्यापासून लांब सरकवते, ओल्या फरशीवर पोतं टाकते, पायात येणारी वायर उचलून ठेवते. भाऊ म्हणतो, "आल्या सेफ्टीबाई!" वडील पूजा सांगता सांगता डोळ्यांनीच दटावतात. दिंडोरी रस्त्यावरच्या एका वाइनरीत मी सुरक्षा अधिकारी आहे. कुणी पडलं, कुणाला लागलं, किंवा लागता लागता राहिलं, तर ते का झालं हे शोधून लिहायचं, हे माझं काम. लागलं तर निदान चर्चा तरी होते. राहिलं, तर लोक "थोडक्यात निभावलं" म्हणून हात जोडतात आणि कामाला लागतात. माझं काम तिथून पुढे सुरू होतं, त्यामुळे मी तिथे फारशी कुणाला आवडत नाही.

त्या दिवशी महाशिवरात्र होती. द्राक्षांचा हंगाम ऐन भरात, आवारात माल भरलेल्या पिकअप एकामागे एक उभ्या, आणि आत एकही टाकी रिकामी नाही. लाल वाइन काढून घेतली की टाकीच्या तळाशी सालींचा चोथा उरतो. तो खालचं छोटं दार उघडून दाताळ्याने ओढून काढावा लागतो. द्राक्षं आंबताना जो वायू सुटतो तो हवेपेक्षा जड असतो. वाइन निघून गेली तरी तो चोथ्यावर बसून राहतो. डोळ्यांना दिसत नाही. बाहेर उभं राहून दाताळं चालवलं तर काही होत नाही, पण डोकं आत घातलं की माणूस आरडाओरडा करायच्या आधीच आडवा होतो. म्हणून आधी पंखा लावून टाकीत हवा खेळवायची, गॅस मोजायच्या मीटरने तपासायची, मगच हात लावायचा, असा नियम. आणि मीटर गेला होता दुरुस्तीला. मी रोज फोन करत होते, तिकडून रोज "उद्या नक्की" येत होतं.

सकाळी मी गोदामात होते. आरडाओरड ऐकून धावले, तर टाकीसमोर बायकांचा घोळका. मध्ये एक तरुण बाई जमिनीवर, आणि कुणीतरी फोडलेला कांदा तिच्या नाकाशी धरलेला. कोपऱ्यातला चोथा हाताला येईना म्हणून ती खांद्यापर्यंत आत वाकली आणि तशीच लुळी पडली. शेजारणीने कमरेला धरून ओढली म्हणून बाहेर आली. मी पोचले तेव्हा डोळे उघडले होते, पण कुठे आहोत हे तिला कळत नव्हतं.

"उपास झेपला नाय तिला," घोळक्यातून एक जाडा आवाज आला. ही तिची सासू. सायखेड्याकडून येणाऱ्या या टोळीची मुकादम तीच. "आजकालच्या पोरी. आमी उपास करून दिवसभर कांदे काढायचो."

"उपासच," बाकीच्यांनी माना डोलावल्या. सुपरवायझरने तर सुटकेचा निःश्वास सोडला. पंखा वेळेआधी बंद केल्याबद्दल आता त्याला कुणी विचारणार नव्हतं. शिवाय बाईला मोकळी हवा मिळावी म्हणून त्याने तोच पंखा आता पुन्हा लावला होता. टाकीत जे काही होतं ते उडून गेलं. हवा शुद्ध, आणि पुरावा साफ.

माझं डोकं फिरलं. उपास मलाही होता. साबुदाण्याची खिचडी खाऊन मी सकाळपासून जिने चढत उतरत होते. सासूलाही होता, अर्ध्या टोळीला होता. मग एवढ्या बायकांत उपासाने फक्त त्या दारात वाकलेलीलाच कशी गाठली? मी हे मॅनेजरला विचारलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम, बाई स्वतः म्हणतेय उपास होता. सासू म्हणतेय. तुम्ही वेगळं कशाला लिहिता? गॅस लिहिला तर मीटर येईपर्यंत टाक्या बंद ठेवाव्या लागतील. बाहेर माल सडेल." मग त्याने उपायही सुचवला. नोटीस लावू, उपास असलेल्या महिलांनी कामावर येऊ नये. विषय संपला.

मला हसावं की रडावं कळेना. ही नोटीस लागली असती तर सगळ्या बायकांनी दुसऱ्या दिवसापासून उपास नाही म्हणून सांगितलं असतं, आणि पुन्हा त्याच दारात वाकल्या असत्या.

सुनेला सरबत देऊन शेडमध्ये बसवलं होतं. मी शेजारी बसले. बसले म्हणजे काय, सारखी उठत होते. दवाखान्यात चल म्हटलं तर ती नको म्हणत होती. शेवटी मी सरळ विचारलं, "सकाळपासून काहीच नाही खाल्लंस?"

ती इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "ताई, मी जेवले होते."

"कधी?"

"आल्या आल्या. क्रेटच्या मागं. पोळी आणि ठेचा. मला उपासानं लय पित्त होतं, डोकं फुटतं. आत्याबाईंना सांगितलं तर म्हणत्यात, देवाचं करताना दुखत नाय. मग मी उपास सांगते आन् गुपचूप खाते." तिने माझा हात घट्ट धरला. "तुमी कुणाला सांगू नका. गावभर सांगत्यात त्या, माझी सून एक उपास मोडत नाय म्हणून. कळलं तर मला घरात ऱ्हाणं मुश्कील करतील."

मी "नाही सांगत" म्हणून बसले. आणि म्हटल्याबरोबर चरफडले. जेवलेली बाई त्या दारात पडली होती. एवढं एक वाक्य मॅनेजरपुढे ठेवलं असतं तर टाकी बंद झाली असती, आणि तेच मला ठेवता येत नव्हतं. सांगावं तर हिचं घर पेटणार, न सांगावं तर पुढची बाई आत वाकणार. मी पुन्हा ऑफिसात गेले, पंख्याबद्दल भांडले, मीटरबद्दल भांडले. तो म्हणाला, "शिफ्ट संपायच्या आत सही करा, कारण उपवास लिहा." मी दार आपटून बाहेर आले. दार आपटल्याने काय होतं? मला बरं वाटतं, एवढंच.

बाहेर बघते तर शेजारच्या टाकीचं दार उघडलेलं. पंखा नुसता नावाला लावून काढलेला. आणि दाताळं हातात घेऊन, पदर कमरेला खोचून सासूच पुढे निघालेली. सुनेमुळे काम खोळंबलं, टोळीची मान खाली गेली, ते भरून काढायला ती स्वतः उतरली होती. मी धावत जाऊन दारासमोर आडवी उभी राहिले.

"ताई, सरा बाजूला."

"आत गॅस आहे. कुणी वाकायचं नाही."

"काय गॅस अन् फॅस! ती उपासानं पडली. मी नाय पडणारी, माझी सवय हाय." तिने मला कोपराने ढकललं. शेतात काम केलेल्या बाईचा तो हात. मी बाजूला झाले आणि सुपरवायझरकडे बघून ओरडले, पण तो साहेबांचं नाव घेऊन मोकळा झाला. ती दारापाशी वाकली. सुनेचं गुपित मी सांगितलं असतं का? आजही मला माहीत नाही. तोंड उघडलं होतं मी, एवढं आठवतं.

"आत्याबाई!"

शेडमधून सून आली होती. भिंतीला धरून उभी होती. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "मी उपाशी नव्हते. मी जेवले होते. पोटभर जेवले होते."

सासू वाकलेली सरळ झाली. आधी तिने सुनेकडे बघितलं, आणि तिचा चेहरा असा लाल झाला की आता ही दाताळं फेकून मारते की काय असं मला वाटलं. मग तिची नजर वळून टाकीच्या दारावर गेली. तिथे ती बराच वेळ राहिली. त्या काळ्या भोकात ती आत्ता डोकं घालणार होती. तिला कळलं ते, मला दिसलं.

तिने दाताळं भिंतीला टेकवलं. "मागं सरा गं समद्या," टोळीला म्हणाली. बायका मागे सरल्या. टोळीच हलली नाही तर चोथा काढणार कोण? सुपरवायझर पळत जाऊन मॅनेजरला घेऊन आला. तो चिडलेला. "काय चाललंय? काम का थांबलं?"

सून खाली बघून उभी होती. मी बोलायला पुढे झाले, पण सासूने हात आडवा करून मला थांबवलं. अख्ख्या टोळीसमोर, ज्या बायकांना ती वर्षानुवर्षं सुनेचे उपास मोजून दाखवत आली होती त्यांच्यासमोर, तिने पदर डोक्यावर नीट घेतला.

"माझी सून आज जेवली होती, साहेब," ती म्हणाली. "तसंच लिहा."