ट्रम्पेटातलं पानी

"पूस ते. तुझ्या कोटानं पूस."

दिवानखान्यात चाळीसक लोक बसले होते. वकील, मास्तर, कचेरीतले बाबू. फरशीवर माह्या ट्रम्पेटातलं दोन थेंब पानी पडलं होतं. वाजवता वाजवता नळीत पानी जमते. खालची कळ दाबून ते काढाच लागते, नाई तर सूर गुरगुरते. मी मारवा राग वाजवत होतो. आलाप संपला, कळ दाबली. एवढंच.

चिटनीस उठला. वर्ध्याच्या एका गायन मंडळाचा चिटनीस. घरही त्याचंच होतं.

"थुंकलास? माझ्या घरात थुंकलास?"

म्या म्हनलं, "थुका नाई जी तो. श्वासाचं पानी हाये."

"मांगानं मला शिकवू नये. पूस."

तबलेवाल्यानं तबला मांगं ओढला. ज्या मास्तरानं मले एका वरातीत आयकलं अन् हट्टानं इथं आनलं, तो आपल्या धोतराचा काठ पाहत राह्यला.

मी पुसलं. बँडचा लाल कोट काढला, गुडघ्यावर बसलो अन् पुसलं. लोक आता इचारतात, तवा राग आला असन. नाई आला. मी भेलो होतो. दारातून निंगालो तं मांगं त्याईच्या घरची बाई गोमूत्र शिंपडून राह्यली होती.

मी नाचनगावच्या मांगपुऱ्यातला. बाप बँडात ढोल वाजवे. मले ट्रम्पेट शिकवला तो पुलगावच्या एका म्हाताऱ्या फौजी बाजेवाल्यानं. किरिस्ताव होता. पेन्शनीत आलता. श्वास कुठं भरावा, कुठं राखावा, हे त्यानं शिकवलं. रागदारी मातर कोनी शिकवली नाई. हाटेलाच्या मांगच्या भिंतीले टेकून मी आतला रेडिओ आयको, अन् नदीवर जाऊन तेच काढो. ट्रम्पेटाले सुराच्या तीनच कळा. यातून मींड, म्हंजे एका सुरातून दुसऱ्यात घसरत जानं, निंगत नाई, असं समदे म्हनत. मी कळ अर्धी दाबून, ओठ ढिला सोडून काढली. सहा वर्सं लागले.

त्या संध्याकाळनंतर ते सहा वर्सं कुठं गेले कोन जाने. ट्रम्पेट तोंडाले लावला का ओठ सुके. सुक्या ओठानं ट्रम्पेट बोलत नाई. आंजी गावच्या एका वरातीत सूर फुटला, पोट्टे हासले. मी पान्याची कळ दाबाले भ्यायचो. दाबाच्या आंधी खाली कोनाची जागा हाये ते पाहो. माही बायको शेवंता एक दिवस म्हनली, "तुमच्या तोंडातलं पानी त्या मानसानं नेलं का?"



उन्हाळ्यात चिटनिसाच्या पोरीचं लगन निंगालं. नागपूरच्या व्याह्यानं म्हने आयकलं होतं, का इकडं एक जन ट्रम्पेटावर मारवा वाजवते. चिटनिसाचा गडी सांगाले आला. "तोच राग वाजवजो. मांडवात येजो नको. गोठ्यापाशी उभा राहजो. पानी तिथंच सांडजो."

मी हो म्हनलं. भेवानं हो म्हनलं.

दिवस बुडाले आम्ही बँडातले सात जन गोठ्यापाशी उभे. मांडवात नागपूरचा सनईवाला खुर्चीवर बसला होता, त्याच्या हातात सरबताचा गिलास. चिटनिसानं तिकडूनच बोट हालवलं. वाजव.

म्या ट्रम्पेट लावला. फुंकलं. हवाच निंगाली. मांडवातले लोक वळले. पुन्हा फुंकलं. हवाच. कोनीतरी खो खो हासलं. चिटनीस चालत आला, तोंड लाल. माह्या बाजूचा म्हातारा ढोलवाला माह्या कानात म्हने, "वाजव बापा. मारतीन आपल्याले."

तवा मले समजलं. हा मानूस मले पुसाले लावू शकते. गुडघ्यावर बसवू शकते. पन एक सूर काढाले लावू शकत नाई. माह्या ओठाईनं माह्या आंधी नाई म्हनलं होतं.

म्या ट्रम्पेट खाली केला.

"इथून नाई वाजवत जी. मांडवात खुर्ची द्या, मंग वाजवतो."

"खुर्ची? तुला?"

"हो जी. मले."

सनईवाल्यानं गिलास खाली ठेवला. पन तोही उठला नाई, हेही सांगतो.

चिटनीस हळूच बोलला, पाहुन्याईले आयकू जाऊ नये म्हनून. "या तालुक्यात तुझा बँड वाजू देणार नाही."

म्या ट्रम्पेट पेटीत घातला. कडी लागेना. ढोलवाल्यानं लावून देल्ली. निंगालो. पाठीत गोटा बसन म्हनून पाठ आखडली होती. सडकेवर येईपर्यंत मांगं पाह्यलं नाई.

त्यानं म्हनलं ते केलं. दोन लगनसरायात कोनी बलावलं नाई. बँडातले तिघं जन मले शिव्या देऊन दुसऱ्या बँडात गेले. त्याईचं चुकलं असं मी म्हनत नाई, त्याईले लेकरं होते. मी सरकी काढाच्या जिनात कामाले लागलो. कापसाचं तूस छातीत बसे. रोज दिवस बुडाले नदीवर जाऊन खोकून खोकून ते काढो, मंग मारवा धरो. ओठ आता सुकत नव्हते.

पुढं तालुक्याभाईरून बलावनी येऊ लागली. नागपूर, अमरावती, मंग लय लांब लांब वाजवलं. लोक उस्ताद म्हनाले लागले. भेव गेलं का? नाई गेलं. नव्या घराच्या पायरीवर आजही मी आंधी खालची फरशी पाहतो.

पन मी पायरीवरच इचारतो, माही बसाची जागा कोनती. दाखवली तं चढतो. नाई दाखवली तं पेटी उघडत नाई. मंग घर कोनाचंही असो.